आवडीचं काम, कामातली आवड आणि जपून ठेवायचा छंद

रेषाळ

नोकरी हिशेबतपासणीची. ती मला नावडती नाही, पण सकाळी उठून धावत जावं अशीही नाही. खरी ओढ चित्रांची. पेन आणि शाई, कधी जलरंग. शाळेपासून हात चालू आहे, शिकवणी कुठलीच नाही.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांनी चित्रं मागायला सुरुवात केली, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. पैसेही देऊ लागले. आता घरचे, मैत्रिणी, ऑफिसातले, सगळ्यांचं एकच म्हणणं: "एवढा हात आहे, तर नोकरी कशाला करतेस?" प्रेमाने म्हणतात, म्हणून उत्तर देणं अवघड जातं.

माझ्यात झालेला बदल सांगते. पूर्वी वही उघडली की समोर असेल ते काढायला लागायचे. चपलांचा ढीग, वायरींचा गुंता, झोपलेलं मांजर, काहीही. आता वही उघडली की पहिला विचार येतो, हे कुणाला आवडेल? आणि कधीकधी वही तशीच मिटते. ऑर्डरचं चित्र मात्र वेळेत होतं, चांगलं होतं, देताना समाधानही मिळतं. म्हणजे आनंद संपलेला नाही, पण तो आता चित्र काढताना कमी आणि ते देताना जास्त मिळतो. हे मला खटकतंय.

ज्यांनी छंदाचा व्यवसाय केला आणि ज्यांनी ठरवून केला नाही, दोघांचंही ऐकायचं आहे. छंदातला आनंद टिकवायला तुम्ही नेमकं काय करता? आणि नोकरी "बरी आहे" इतपतच असेल, तर तिच्यातून समाधान कसं मिळवता? "मन सांगेल ते कर" हे सोडून सांगा. माझं मन दोन्ही सांगतंय.

फिरस्ता_कॅमेरा

रेषाळ, मी छंदाचा व्यवसाय केला त्याला बराच काळ लोटला. निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तरी तोच घेईन. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी घाबरू नये.

लोकांना वाटतं, फोटोग्राफर दिवसभर फोटो काढतो. प्रत्यक्षात कॅमेरा हातात असतो तो वेळ सगळ्यात कमी. उरलेला वेळ कशात जातो? चौकशांना उत्तरं, दरपत्रक, आगाऊ रकमेची आठवण, ढीगभर फोटोंतून निवड, रंगदुरुस्ती, अल्बमची मांडणी, बॅकअप, "माझा चेहरा जरा उजळ करा ना", आणि शेवटी अडकलेली बाकी वसूल करणं. त्यामुळे "मला चित्रं काढायला आवडतं का?" हा प्रश्नच नाही, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. चित्रांचा व्यवसाय चालवायला आवडेल का, ते स्वतःला विचारा. मला आवडतो. अनोळखी माणसांना कॅमेऱ्यासमोर मोकळं करणं, गडबडीत शांत राहणं, ठरल्या तारखेला काम हातात देणं, यात मला खरंच मजा येते. माझा एक मित्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगले फोटो काढतो, पण त्याला यातलं काहीच सोसत नाही. त्याने नोकरी सोडली नाही आणि त्याचं अगदी योग्य झालं.

आता गेलं काय, तेही सांगतो. निरर्थक फोटो काढायची मोकळीक गेली. भिंतीवरचा ओलावा, रिकाम्या खुर्च्या, असले फोटो काढताना डोक्यात घड्याळ वाजू लागलं. त्यावर मी एकच उपाय केला आणि तो टिकला. एक जुना फिल्म कॅमेरा, एकच लेन्स. तो कधीही कामावर येत नाही आणि कामाचा कॅमेरा माझ्या सुट्टीत येत नाही. फिल्मवर काढलेलं कुठेही टाकत नाही, ग्राहकांना दाखवत नाही. प्रिंट काढतो आणि पेटीत ठेवतो. फिल्म असल्यामुळे लगेच पाहताही येत नाही, त्यामुळे "कसा आलाय?" हा प्रश्न त्या क्षणी उठतच नाही. तुमच्यासाठी हे वेगळी वही, वेगळं पेन असं असू शकेल.

मनकवडी

रेषाळ ताई, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावर मानसशास्त्रात खूप काम झालंय. मी हा विषय शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. मुलं निवडली ती मुळातच चित्र काढायची आवड असलेली. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंत की प्रशस्तिपत्र मिळेल, सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेलं. दुसऱ्या गटाला आधी काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. तिसऱ्या गटाला काही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले आणि कोण आपणहून तिकडे वळतं ते पाहिलं. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती.

हा प्रयोग सांगताना लोक बहुतेक वेळा दुसरा गट विसरतात. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाने केला नाही, "यासाठी कर" या आधीच घातलेल्या अटीने केला.

त्याआधी, १९७१ मध्ये, एडवर्ड डेसी यांनी कॉलेजातल्या मुलांना ठोकळ्यांची कोडी दिली होती. ज्यांना कोडं सोडवल्याचे पैसे मिळाले, त्यांचा मोकळ्या वेळातला ओढा कमी झाला. ज्यांचं नुसतं मनापासून कौतुक झालं, त्यांचा कमी झाला नाही. पुढे १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी असे १२८ अभ्यास एकत्र तपासले. चित्र साधारण तेच राहिलं. मुळात कंटाळवाण्या कामात मात्र बक्षिसाने असं नुकसान दिसत नाही. या निष्कर्षांवर संशोधकांमध्ये जोरदार वादही झाले आहेत, तेव्हा "पैसा आला की आनंद गेला" असा नियम यातून काढू नका. त्यातून मी एवढंच घेते: बाहेरून आलेली गोष्ट मला हाकते आहे की मला काही कळवते आहे? "तुझ्या रेषेत वजन आहे" हे कळवणं झालं. "शुक्रवारपर्यंत, निळ्या रंगात, हसरा चेहरा" हे हाकणं झालं. दुसऱ्या प्रकारातही तुम्ही उत्तम चित्र काढाल. पण मग पुढच्या वेळी वही उघडल्यावर हाकणारा आवाज समोर नसतानाही ऐकू येतो. तुमचं तेच झालंय असं मला वाटतं.

सुईदोरा

वरचं सगळं पटलं, पण पैशाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे.

मी भरतकाम आणि विणकाम करते. घराबाहेरची नोकरी कधी केली नाही. पहिल्यांदा विणलेल्या शालीचे पैसे हातात आले, त्या दिवशी माझं विणणं घरातल्यांच्या नजरेत बदललं. तोवर तो "वेळ घालवायचा उद्योग" होता. आता दार लावून बसले तर कुणी हाक मारत नाही, कारण आई काम करतेय. त्या पैशाने मला वेळ मिळवून दिला, खोली मिळवून दिली, चांगली लोकर मिळवून दिली. आनंद कमी झाला नाही, वाढला. ज्यांचे पगार ठरलेले आहेत त्यांनी छंद शुद्ध ठेवायची चर्चा जरूर करावी, पण कितीतरी बायकांना पैसे मिळाल्याशिवाय छंद करायची परवानगीच मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझी अट एकच. रंग गिऱ्हाईकाचा, नमुना माझा. तयार फोटो दाखवून "अगदी अस्संच करून द्या" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. एकाच नमुन्याचे ढिगाने नगही घेत नाही. त्यात हात चालतो, मी नसते.

मनकवडी

सुईदोरा, तुमचा मुद्दा माझ्या लिहिण्यातून निसटला होता आणि तो फार मोलाचा आहे. डेसी आणि रायन यांच्या मांडणीत माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेपण. तुमच्या बाबतीत पैशाने पहिली गोष्ट वाढवली. रेषाळ यांच्या बाबतीत तोच पैसा तीच गोष्ट कमी करतोय. रुपया तोच, परिणाम उलटा. "नमुना माझा" ही तुमची अट नेमकी त्याच जागेवर आहे.

रेषाळ

सुईदोरा ताई, "हात चालतो, मी नसते" हे वाचून थांबले. माझ्याकडे येणाऱ्या ऑर्डरी बहुतेक फोटोवरून चेहरा काढून देण्याच्या असतात. त्यात साम्य हवं असतं, बाकी काही नको. कदाचित मी चित्रं विकते म्हणून नाही, तर एकाच प्रकारचं चित्र विकते म्हणून वही मिटत असेल.

नोकरीबद्दल कुणी लिहाल का? त्या अर्ध्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही.

रात्रपाळी

मी घालतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुने येतात, यंत्रात जातात, आकडे बाहेर येतात. पुन्हा नमुने. रुग्ण आम्हाला दिसत नाही, त्यालाही आम्ही दिसत नाही.

एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं, की लोक कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात. काहींना ते पोटापाण्याचं साधन वाटतं, काहींना वर चढायची शिडी, काहींना जीविताचं कार्य. यातली खरी गंमत अशी की हे पदावर ठरत नाही. कार्यालयीन सहायक म्हणून एकसारखंच काम करणाऱ्या एका छोट्या गटातही तिन्ही तऱ्हांचे लोक साधारण सारख्या प्रमाणात निघाले. पुढे २००१ मध्ये जेन डटन यांच्यासोबत लिहिताना त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण घेतलं. काही जण नेमून दिलेली साफसफाई करून निघून जात. काही जण आपण रुग्ण बरा करणाऱ्या चमूचा भाग आहोत असं धरून चालत, रुग्णांशी, नातेवाइकांशी बोलत, परिचारिकांचं काम सोपं होईल अशा बेताने आपली कामं लावत. पद तेच, काम वेगळं.

मी काय केलं? रक्तदोषांचे काही नमुने पुन्हापुन्हा येतात, त्यांच्या आकड्यांचा प्रवास मी बघायला लागलो. मग एका डॉक्टरांना विचारलं, आमच्या अहवालावर तुम्ही नेमकं काय ठरवता? त्यांनी वेळ काढून समजावलं. त्यानंतर रात्री तीन वाजता शंकास्पद आकडा आला की मी तो पुन्हा लावतो, तेव्हा त्या बाजूला कुणीतरी माणूस आहे हे मला ठाऊक असतं. अ‍ॅडम ग्रँट यांचा २००७ चा एक प्रयोग याच्याशी जुळतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांना, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी काही मिनिटं भेटवला. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त वाढलं होतं. कुणाचा पगार वाढवला नव्हता, भाषण दिलं नव्हतं.

रेषाळ, हिशेबतपासणीत तुम्ही पकडलेली चूक पुढे कुणाला वाचवते? ती व्यक्ती, ते खातं, तो विभाग कधी पाहिलाय का?

ठामपणे

रात्रपाळी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे संशोधन ज्या पद्धतीने वापरलं जातं त्याची मला भीती वाटते. कामात अर्थ शोधायची जबाबदारी एकदा कामगाराच्या डोक्यावर टाकली, की पगार, माणसांची कमतरता, रात्रपाळीचे तास यावर कुणी बोलत नाही.

बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातले बरेचसे लोक भरपूर शिकलेले, पगार तुटपुंजा. ज्यांना हे काम म्हणजे जन्माचं कार्य वाटत होतं त्यांना ते जास्त अर्थपूर्ण वाटत होतं, पण तेच लोक पगार, वेळ, सुखसोयी यांचा त्याग करायलाही जास्त तयार होते आणि व्यवस्थापनाने त्यांचा गैरफायदा घ्यायचा धोकाही त्यांनाच जास्त होता. २०२० मध्ये किम आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू तपासली. एखाद्याला कामाची फार आवड आहे असं कळलं, की त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावणं, बिनपगारी जास्तीचं काम देणं हे बघणाऱ्या लोकांना जास्त रास्त वाटू लागतं. "त्याला आवडतं ना, मग काय झालं?"

मी शिक्षिका आहे. "तुम्हाला मुलांची आवड आहे म्हणून" या वाक्याने सुरू होणारी किती कामं माझ्याकडे आली आहेत! मला मुलं आवडतात. म्हणूनच मी आता त्या वाक्याला थेट उत्तर देते: आवडतात, आणि या कामाचे तास कुठे धरायचे ते सांगा.

रात्रपाळी

शंभर टक्के मान्य. मी जे केलं ते माझ्या मनाच्या आरोग्यासाठी केलं, संस्थेसाठी नाही. रात्रपाळीचा भत्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भांडून घेतला, आणि त्या भांडणातल्या एकजुटीनेही मला या कामात रुजवलं. दोन्ही एकाच माणसाला करता येतं.

पानगळ

थोडं वेगळं. मी पक्षी बघतो. एका अ‍ॅपवर नोंदी करायला लागलो. नोंदी उपयोगी असतात, अभ्यासकांना त्यातून पक्ष्यांच्या हालचाली कळतात, याबद्दल मला काहीच शंका नाही. पण हळूहळू असं झालं, की साळुंकी समोर दोन पिल्लांना भरवत असताना मी मान वळवून दुसरीकडे नवीन काही दिसतंय का ते बघायचो. साळुंकी यादीत आधीच होती ना!

जॉर्डन एटकिन यांचं २०१६ चं संशोधन यावर आहे. लोकांना रंगवायला, चालायला, वाचायला दिलं आणि काहींना किती झालं ते मोजून दाखवलं. मोजणाऱ्यांनी जास्त केलं, पण त्यांना मजा कमी आली. आणि मोजणं थांबवल्यावर त्यांनी पुढे आपणहून कमी केलं. आवडीची गोष्ट मोजू लागलो की ती कामासारखी वाटू लागते, असं त्यांचं म्हणणं.

मी नोंदी सोडल्या नाहीत, वाटून घेतल्या. काही सकाळी वही आणि फोन घेऊन जातो, त्या अभ्यासाच्या. बाकीच्या सकाळी नुसती दुर्बीण. अशा एका सकाळी मी एकाच झाडाखाली बसून सुतारपक्ष्याच्या जोडीचं ढोलीत येणं-जाणं इतका वेळ पाहिलं, की नर आणि मादी आत शिरण्याआधी वेगवेगळ्या फांद्यांवर थांबतात हे कळलं. यादीच्या सकाळी मी इतका वेळ बसलोच नसतो.

रेषाळ, तुमची चित्रं कुठे टाकता का? पसंतीचे आकडे हेही मोजणंच आहे.

रेषाळ

टाकते. आणि हो, कुठल्या चित्राला किती पसंती आली हे मला पाठ आहे. मांजराच्या चित्रांना सगळ्यात जास्त. चपलांच्या ढिगाला जवळजवळ कुणी विचारलं नाही, आणि त्यानंतर मी चपला काढल्या नाहीत. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कंसातला_माणूस

मी प्रोग्रॅमर. घरी येऊनही प्रोग्रॅमच लिहायचो, एका मुक्त प्रकल्पासाठी, म्हणजे कुणीही वापरावा, सुधारावा असा. आवड खरी होती, तरी दोन्हीकडे थकवा यायला लागला. २०२० मधला एक अभ्यास वाचण्यात आला: छंद कामापेक्षा वेगळा असेल आणि त्यात तुम्ही मनापासून बुडत असाल, तर कामावरचा आत्मविश्वास वाढतो. छंद कामासारखाच असेल, तर तो हलक्या हाताने केला तरच फायदा. कामासारखा आणि वर गंभीरपणे केलेला, तर उलट परिणाम.

मी आता लाकूडकाम करतो. रंधा, पटाशी, करवत. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की मागे जाता येतं. लाकूड एकदा कापलं की कापलं. ती सक्ती मला फार बरी वाटते. डोक्याचा जो भाग दिवसभर राबतो त्याला सुट्टी मिळते आणि बोटांना काम. रेषाळ, तुमची आकड्यांची नोकरी आणि रेषांचा छंद ही जोडी मला तरी उत्तम वाटते. ती मोडायची घाई करू नका.

कोरी_पाटी

इथे सगळ्यांना काहीतरी आवडतं. मी पंचविशीतला, मला एकही गोष्ट अशी वेडावून टाकत नाही. गिटार सुरू केली, सोडली. पळायला लागलो, सोडलं. "तुझी पॅशन शोध" ऐकून कान किटले. शोधतोय, सापडत नाही. असे लोक काय करतात?

मनकवडी

कोरी_पाटी, "शोध" या सल्ल्याचीच तपासणी झाली आहे. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की आवड कुठेतरी तयार ठेवलेली असते आणि ती फक्त सापडायची असते असं मानणारे लोक, विषय अवघड झाला की लवकर रस गमावतात. "खरी आवड असती तर एवढं जड गेलं नसतं" असा अर्थ ते लावतात. आवड वाढवावी लागते असं मानणारे अवघड टप्प्यावर टिकतात.

गिटार नेमकी कधी सोडलीस? बोटं दुखायला लागली आणि अजून एकही गाणं पूर्ण येत नव्हतं, तेव्हा ना? तो टप्पा सगळ्यांचा रुक्षच असतो. त्यावरून तुझ्या आवडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सुईदोरा

बाळा, आणि एकट्याने करू नकोस. मी विणायला शिकले ती चार बायकांच्या घोळक्यात. पहिलं कितीतरी विणलेलं उसवलं. लोकरीसाठी गेले नसते कदाचित, गप्पांसाठी गेले. लोकर नंतर आवडली.

मूलद्रव्य

रेषाळ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. विज्ञानाच्या इतिहासात दोन्ही वाटांची माणसं सापडतात आणि मला दोघांचाही लोभ आहे.

विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार. वाद्य वाजवणं, शिकवण्या, मैफली. रात्री आकाश बघायचे, दुर्बिणींचे आरसे स्वतः घासायचे. १३ मार्च १७८१ रोजी त्यांना जो ठिपका दिसला तो पुढे युरेनस ग्रह ठरला. दुसऱ्या वर्षी इंग्लंडच्या राजाने त्यांना वर्षाला २०० पौंड वेतन दिलं आणि त्यांनी संगीताचा पेशा सोडला. छंदाचं काम झालं आणि त्यांचं निरीक्षण पुढे कितीतरी वर्षं त्याच हुरूपाने चालू राहिलं. पण त्या वेतनाची अट बघा: राजघराण्याजवळ राहायचं, कधी बोलावणं आलं तर आकाश दाखवायचं. रोज काय बघायचं ते मात्र त्यांचं त्यांनी ठरवायचं. खर्च भागवायला ते दुर्बिणी बनवून विकतही. म्हणजे विकलं ते यंत्र, बघणं स्वतःकडे ठेवलं.

दुसरे अलेक्झांडर बोरोदिन. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, अल्डिहाइड नावाच्या रसायनांवरचं त्यांचं काम महत्त्वाचं मानलं जातं, स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठीही ते झटले. संगीतरचना उरलेल्या वेळात. एक ऑपेरा १८६९ मध्ये हाती घेतला आणि १८८७ मध्ये ते गेले तेव्हाही तो अपुराच होता. मित्रांनी पूर्ण केला. त्यांचे संगीतातले स्नेही त्यांच्या नोकरीवर हळहळत. मला तसं वाटत नाही. ते प्रयोगशाळेवरही तितकंच प्रेम करत होते. अपुरं राहिलेलं संगीत हा त्यांच्या आयुष्याचा तोटा होता असं बाहेरून ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.

फिरस्ता_कॅमेरा

"विकलं ते यंत्र, बघणं स्वतःकडे ठेवलं." रेषाळ, हे लिहून टेबलासमोर लावा.

रेषाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं. कुठपर्यंत पोचले ते लिहिते.

नोकरी सोडत नाही. फिरस्ता दादांनी सांगितलेली कामांची यादी वाचताना एकाही गोष्टीवर माझं मन उडी मारून "हे मला आवडेल" म्हणालं नाही. बाकी वसूल करायची कल्पना तर नकोच. पैशाची मला आज निकड नाही, हे माझं भाग्य आहे आणि सुईदोरा ताईंमुळे ते मी गृहीत धरत नाही. रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी आमच्या जुन्या अहवालांपैकी एकाचा पाठपुरावा करणार आहे. एका संस्थेत भविष्यनिर्वाह निधीची कपात होत होती पण भरणा होत नव्हता, ते आम्ही दाखवून दिलं होतं. त्या कामगारांचे पैसे पुढे जमा झाले का, मी कधी विचारलंच नाही. हे विचारायचं.

चित्रांचं असं. फोटोवरून चेहरे काढून द्यायचे बंद. कुणाला चित्र हवंच असेल तर माझ्या वहीतलं झालेलं चित्र घ्यावं. म्हणजे आधी चित्र, मग गिऱ्हाईक. लेपरांच्या दुसऱ्या गटासारखं, पैसे आले तर न ठरवता येतील. पसंतीचे आकडे दिसणार नाहीत अशी सोय करून घेतली. आणि एक वही कुणालाच दाखवायची नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं, तो हसून बरं म्हणाला.

अडचण एकच उरली. आधीच्या ओळखींतून ऑर्डरी येतच राहणार. "नाही" कसं म्हणायचं? आजारपण, वेळ नाही, अशी कारणं दिली की लोक महिन्याभराने पुन्हा विचारतात.

ठामपणे

कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. वेळ नाही म्हटलं तर "आम्हाला घाई नाही" म्हणतात.

फिरस्ता_कॅमेरा

ठामपणे यांच्याशी सहमत. माझा मित्र, तो नोकरी न सोडलेला, सगळ्यांना एकच निरोप पाठवतो. त्याला विचारून इथे देतो, तुमच्या सोयीने बदलून घ्या:

"माझं काम आवडलं म्हणून विचारलंत, खूप आनंद झाला. मी मागणीप्रमाणे काम करत नाही. स्वतःसाठी केलेल्यातलं काही कधी द्यायला काढलं तर तुम्हाला नक्की कळवेन. तोवर या कामासाठी या दोघांची नावं सुचवतो, दोघेही उत्तम आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. विचारणाऱ्याची सोय होते, काम हवं असलेल्या कुणाला तरी काम मिळतं, आणि पुढच्या वेळी लोक थेट त्यांच्याकडेच जातात. फोटोवरून चेहरे काढणारे चित्रकार तुमच्या ओळखीत असतीलच. आधी त्यांना विचारून घ्या, मग नावं द्या.

सुईदोरा

आणि ज्यांच्या ऑर्डरी आधीच घेतल्यात त्या पूर्ण करून द्या हं. मग नवी वही.